तारखेवर बहार

फेब्रुवारी लागला की माझा फोन वाजायला लागायचा. पलीकडे प्राध्यापक असो, बाबू असो की विद्यार्थी परिषदेचा सचिव, मागणी एकच असायची: "राऊत साहेब, कुंड्या पाहिजेत." मी विद्यापीठाचा उद्यान अधीक्षक होतो. अमरावतीकडचं एक विद्यापीठ, एवढंच सांगतो. नाव छापलं तर निवृत्तीनंतरही लोक कुंड्या मागायला घरापर्यंत येतील, आणि त्यातले काही जण येतीलच याची मला खात्री आहे.

आमच्याकडे थंडी ओसरली की कार्यक्रमांची रांग लागते. स्नेहसंमेलन, दीक्षांत समारंभ, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, कोणत्या तरी विभागाची राष्ट्रीय परिषद, आणि या सगळ्यांचा दादा म्हणजे वसंतोत्सव. मार्च संपेपर्यंत सगळं उरकावं लागतं, कारण एप्रिलात वऱ्हाडातलं ऊन पाहुण्याला खुर्चीत बसू देत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला स्टेज लागतं, आणि स्टेजच्या पुढे कुंड्यांची रांग नसली तर आपल्या लोकांना तो कार्यक्रमच वाटत नाही.

मागणाऱ्यांचे नमुने किती सांगू! भाषा विभागाच्या एका प्राध्यापकांना कविसंमेलनाला कुंडीतला पळस हवा होता. म्हटलं, "सर, पळस रानात असतो, कुंडीत नाही मावत." ते म्हणाले, "मग फांदी तोडून रोवा ना, कोणाला कळतं?" एका विभागाला पिटुनियाच्या कुंड्या दिल्या होत्या, त्या परत आल्या तेव्हा कुंड्या होत्या, रोपं नव्हती. विभागप्रमुखांना विचारलं तर म्हणे, "कुंड्या तर मोजून दिल्या ना?" आणि एकदा पाहुण्यांच्या स्वागताला सूर्यफुलांच्या कुंड्या हव्या होत्या, स्टेजकडे तोंड करून. पूर्ण फुललेलं सूर्यफूल काही मान फिरवत नाही, हे मी सांगून थकलो. कुंड्या मांडणाऱ्यांनी त्या उलट्या ठेवल्या, सगळी फुलं पाहुण्यांकडे पाठ करून उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारणा झाली की हे तुम्ही मुद्दाम केलं का. हो म्हणायचा मोह झाला होता, खरं सांगतो.

बाहेरच्या माणसाला माझं काम म्हणजे झाडांना पाणी घालणं वाटतं. खरं काम वेगळं आहे. फूल तारखेवर आणायचं असतं. कार्यक्रमाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते, पाहुण्यांची सोय आदल्या आठवड्यापर्यंत कोणाला माहीत नसते, आणि शेवंतीला तर यातलं काहीच कोणी कळवत नाही. मग आम्ही शेंडे खुडतो, म्हणजे फूल लांबतं. सावलीत सरकवतो, उन्हात आणतो, पाणी कमी-जास्त करतो. स्वयंपाकी जसा पंगत उशिरा बसणार कळलं की आच मंद करतो, तसंच. फरक एवढाच की त्याची चूल त्याच्या हातात असते. तरीही मी छाती ठोकून सांगतो, माझ्या नोकरीत एकही दीक्षांत समारंभ फुलांवाचून गेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. ती कुंड्यांची नाही, संत्र्यांची आहे.

मी वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटचा. आमच्याकडे पोट्टं चालायला लागलं की संत्र्याच्या वाफ्यातच पडतं आणि तिथेच उठतं. नोकरीला लागल्यावर विद्यापीठाच्या मागच्या बाजूला एक मोकळा तुकडा दिसला. गावाहून संत्र्याची कलमं आणली आणि तिथे लावली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. झाडं वाढली, डेरेदार झाली. पण फुलायची कशी, तर चार फुलं इकडे, दहा तिकडे, वाटेल तेव्हा. कारण कॅम्पसच्या नळाचं पाणी त्यांना बारमाही मिळायचं. ज्या संत्र्याला रोज पाणी मिळतं त्याला फुलायची काही घाईच नसते. त्याला ताण द्यावा लागतो. थंडीत पाणी बंद करायचं, पार बंद. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की सगळं झाड एकदम फुलतं. याला आंबिया बहार म्हणतात. इतकी वर्षं मी दीक्षांत आणि शेवंतीच्या मागे होतो, माझ्या स्वतःच्या झाडांना ताण द्यायला मला कधी फुरसत मिळाली नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी बैठक झाली. बांधकामवाल्यांनी नकाशा पसरला. खुलं नाट्यगृह बांधायचं होतं आणि जागा कोणती, तर माझी संत्र्यांची बाग. "तिथे नुसतीच झाडं आहेत," असं एक जण म्हणाला. मी उठलो. आवाज जरा चढलाच. कुलगुरू मॅडम नवीन होत्या, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या, बोलायला शांत पण एकदम सरळ. त्या म्हणाल्या, "राऊत, मी ही बाग कधी फुललेली पाहिलेली नाही. जी फुलतच नाही ती कशासाठी राखायची, ते मला समजावून सांगा."

"समजावून नाही सांगत मॅडम, दाखवतो," मी म्हणालो. "वसंतोत्सवाचं उद्घाटन बागेत ठेवा. त्या दिवशी झाडावर पान दिसणार नाही, एवढी फुलं असतील."

"आणि नसली तर?"

"नसली तर नकाशा तुमच्यापाशी आहेच."

बाहेर आलो तेव्हा यूसुफभाई दारातच उभा होता. हा आमचा सर्वांत जुना माळी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, अचलपूरकडचा. म्हणाला, "साब, जबान तो दिली तुमी. आता झाडायले कोन सांगन?"

"आपण सांगू," मी म्हटलं.

आम्ही ताण दिला. मुळांपर्यंत ओल पोचू नये म्हणून ओळींमधून चर खणले, नळाची तोटी काढून ठेवली. जानेवारी आला तशी पानं वळायला लागली. जाणारे-येणारे हळहळायचे. एका बाईंनी तर अर्ज दिला की उद्यान विभाग झाडांचा छळ करतो. मी खूश होतो. ताण असा बसला होता की वरूडच्या बागायतदारानेही मान डोलावली असती. पाणी कोणत्या दिवशी सोडायचं हेही मनात पक्कं होतं. वसंतोत्सवाच्या तारखेपासून मागे मोजून ठरवलं होतं.

आणि त्याच सुमारास मला साळ्याच्या मुलीच्या लग्नाला अकोल्याला जावं लागलं. वऱ्हाडात साळ्याच्या घरचं लग्न चुकवून कोणी सुखाने नांदलेला मला माहीत नाही. पंगतीत बसलो होतो, वांग्याची भाजी वाढून झाली होती, तेवढ्यात यूसुफभाईचा फोन.

"साब, गजब झाला. पोट्टेलोकायनं बागेले पानी देल्लं."

"किती?"

"किती काय पुसता साब! चर भरून वाहून राह्यले."

मी हात धुतला आणि उठलो. बायको मागून विचारत होती, "काहून, काय झालं?" काय सांगणार? कोणी मेलं नव्हतं, उलट सगळी झाडं पाणी पिऊन तरतरीत झाली होती.

झालं असं होतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी रविवारी श्रमदान काढलं होतं. त्यांची पुढारी प्रणाली नावाची मुलगी. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावची. खारपाणपट्टा म्हणजे जिथे विहिरीचं पाणी खारं लागतं. प्यायला उपयोगाचं नाही, झाडाला घातलं तर जमीन खराब. तिने ती सुकत चाललेली झाडं पाहिली, काढून ठेवलेली तोटी पाहिली, आणि वाटलं की नळ बिघडलाय आणि विभागाला पडली नाही. पोरांनी वसतिगृहाच्या टाकीपासून पाइप जोडत आणले आणि पूर्ण दिवस एकेका झाडाला पाणी पाजलं. यूसुफभाईची सुट्टी होती. मला आल्यावर आनंदाचा धक्का द्यायचा बेत होता त्यांचा.

धक्का बसला. दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. मला राग आला की माझी प्रमाण मराठी पळून जाते.

"कोनं सांगतलं होतं तुले पानी द्याले?"

"कोनीच नाही, सर."

"मंग काहून देल्लं?"

"झाडं मरून राह्यली होती सर. आन् टाकीत पानी होतं. मले पायवलं नाही."

मी ताण म्हणजे काय ते तिला ओरडत ओरडत सांगितलं. नाट्यगृहाचा नकाशा सांगितला, कुलगुरूंना दिलेला शब्द सांगितला. ती पांढरी पडली. हळूच म्हणाली, "आता काही करता येते का, सर?"

"काय करता येते? पाजलेलं पानी पंपानं काढतं का कोनी परत?"

ती रडली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या गावात बाबानं दारापुढं संत्र्याचं एक कलम लावलं होतं. तिकडूनच, वरूडहून आणलं होतं. हापशीच्या पान्यानं ते मेलं. प्यायच्या पान्यातलं घालावं म्हटलं तर आजी भांडे. म्हून मले वाटलं, हिथं एवढं गोडं पानी आहे तं कोनी देत काहून नाही." मग दार ओढून गेली. माझा राग गेला असं नाही, पण मी उठलो आणि बागेकडे निघालो.

फुलं आली. यायचीच होती. पण आली वसंतोत्सवाच्या कितीतरी आधी. आणि काय आली! संध्याकाळी वास पार परीक्षा विभागापर्यंत जायचा. मधमाश्या, पोरं-पोरी, मोबाइलवर फोटो, सगळी झुंबड. मी कुलगुरूंच्या ऑफिसला दोनदा जाऊन आलो, मॅडम दौऱ्यावर. फोटो पाठवू का म्हटलं, तर स्वीय सहायक म्हणाले, "साहेब, फोटोत काय, प्लास्टिकचीही फुलं छान दिसतात." खरंच होतं त्यांचं.

उद्घाटनाच्या दिवशी बागेत मांडव होता, रांगोळी होती, माझ्या कुंड्या होत्या. झाडांवर फूल नव्हतं. मॅडम आल्या, सगळीकडे नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. स्टेजवर चढून भाषण करणारा मी नव्हे, पण मुकाट उभा राहणाराही नव्हे. त्या दिवशी मात्र उभा होतो.

मागून प्रणाली पुढे आली. "मॅडम, बहार येऊन गेला. लवकर आला, कारण पानी मी देल्लं. सरांचा काही दोष नाही." आणि सगळं सांगितलं. पाहुणे ताटकळत उभे, विद्यार्थी परिषदेचे लोक तिला डोळ्यांनी दटावत होते, पण ती थांबली नाही. एक फांदी वाकवून तिने मॅडमना वाटाण्याएवढी हिरवी फळं दाखवली. "हे पाहा, खोटं बोलून नाही राह्यली."

मॅडमनी ती फळं नीट पाहिली. मग म्हणाल्या, "बांधकाम एक वर्ष थांबवते. पुढच्या वसंतोत्सवाला पुन्हा बघू. पण त्या वेळी कारणं ऐकणार नाही." जाता जाता वळल्या आणि तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "राऊत निवृत्त होतायत. तेव्हा हे काम तुझं."

मी उन्हाळ्यात निवृत्त झालो आणि अकोल्याला राहायला आलो. निवृत्त माणसाने जुन्या ऑफिसात जाऊन सल्ले द्यायचे नसतात, हे मी इतरांना नेहमी सांगायचो. मी जवळपास दर पंधरवड्याला जात होतो. प्रणालीला बाग शिकवली. आंबिया बहाराची फळं उतरवली तेव्हा तिने पहिलं संत्रं यूसुफभाईला दिलं, दुसरं मला. मला पहिलं हवं होतं, हे मी तेव्हा बोललो नाही, आता लिहून टाकतो.

डिसेंबरात ताण सुरू झाला. ठरलेलं होतं की तोटी तिनेच काढायची. ती रोज मला फोन करायची. आज पानं खाली वळली, आज पिवळी झाली, आज गळली. आवाजावरून तिची झोप उडालेली कळायची. जानेवारीत ढग आले तेव्हा तर ती आणि यूसुफभाई दोघंही आभाळाकडे तोंड करून बसलेले असायचे. वर्षभर पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारे लोक आम्ही, आणि हे दोघं पाऊस येऊ नये म्हणून पाहत होते. चार थेंब पडले आणि ढग परतवाड्याकडे निघून गेले.

मग एका दुपारी फोन आला. तिचा आवाज बसलेला होता.

"सर, कोपऱ्यातलं झाड लय सुकलं. त्याले एक बादली देऊ का? एकच."

"नाही."

"सर, मरन थे."

"मरत नाही. फांदी मोडून पाहा, आत हिरवी आहे का?"

थोडा वेळ गेला. "हिरवी आहे."

"मग ठेव फोन."

फोन ठेवला आणि मलाच बसवेना. बायकोने चहा ठेवला होता, तो तसाच टाकून मी अमरावतीची बस पकडली. बागेत पोचलो तर ही पोरगी त्या झाडाच्या बुडाशी बसलेली, बाजूला भरलेली बादली. पाणी बादलीतच होतं. मला पाहून म्हणाली, "भरली सर. वतली नाही." मी बादली उचलली, झेंडूच्या वाफ्यात रिकामी केली, यूसुफभाईला हाक मारली, आणि आम्ही तिघांनी कॅन्टीनला जाऊन पोहे खाल्ले.

ठरल्या दिवशी तिने तोटी बसवली आणि पाणी सोडलं. आधी हलकं, मग सढळ हाताने. मी लांब उभा राहिलो.

यंदाच्या वसंतोत्सवाची पत्रिका आली तेव्हा माझ्या नावापुढे 'निवृत्त' लिहिलं होतं, ते वाचून जरा कसंसंच झालं. गेलो. फाटकातून आत शिरलो आणि मांडव दिसायच्या आधी वास आला. बागेत पोचलो तर यूसुफभाई मला पाहून फक्त हसला, हातानेच म्हणाला, बघून घ्या. झाडावर पान दिसत नव्हतं. जे मी बैठकीत तावातावाने बोललो होतो तेच, अगदी तसंच समोर होतं. एक ओळ जरा उणी फुलली होती, ती माझ्या डोळ्यांना लगेच दिसली, पण ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नसेल.

कुलगुरू मॅडम आल्या. चालता चालता थांबल्या. पाहुण्यांना पुढे जाऊ दिलं आणि स्वतः झाडांमध्ये शिरल्या. बराच वेळ आतच होत्या. मग प्रणालीला विचारलं, "हे कसं केलंस?"

"काहीच नाही केलं, मॅडम. काही नाही करनंच लय जड गेलं."

मॅडम हसल्या. मागे वळून बांधकामवाल्यांना म्हणाल्या, "नाट्यगृह मैदानाच्या पलीकडे घ्या. नवीन नकाशा आणा." बस, एवढंच. लाउडस्पीकरवर स्वागतगीत सुरू झालं आणि सगळे खुर्च्यांकडे गेले. यूसुफभाईने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले आणि मला म्हणाला, "धूळ लय आहे साब." मलाही खूप धूळ गेली होती.

प्रणाली खुर्च्यांकडे गेली नाही. ती कोपऱ्यातल्या त्या झाडाखाली उभी राहून फोनवर बोलत होती. "हाव बाबा, वाचली. सगळी वाचली. नाही, तोडत नाही आता." मग तिने फोन कानापासून काढला, फुलांनी वाकलेल्या फांदीत धरला आणि जोरात विचारलं, "येते का बाबा वास?"

फोनमधून वास कसा येईल, येडे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तेवढ्यात त्या खारपाणपट्ट्यातून तिच्या बापाचा आवाज आला, मला लांबवर ऐकू येईल एवढा मोठा.

"येते वं माय, येते!"